मॉरिशसला गेलेला पूर्वज: आधी तिथलं दप्तर की आधी कोकण?

मॉरिशसच्या मराठी ओळखीतून निरोप येतो, "आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं म्हणतात, बघता का जरा?" आणि आपण लगेच मालवण-कणकवलीला फोन लावतो. मी म्हणेन, जरा थांबा.

गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं तिथे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. 1842 मध्ये मजूर नेण्यावरची बंदी उठली आणि कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही मजूर जाऊ लागले. उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज. 1860 च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोसुद्धा आहेत. सगळी किल्ली त्या क्रमांकात. तो मिळवायचा तर आजच्या माणसाच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जायचं. जुन्या लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत तो बहुधा सापडतो. काम चिकाटीचं, पण रस्ता सरळ. अर्ज मात्र तिथल्या वंशजानेच केलेला बरा.

उणीव एकच, पण मोठी: आडनाव. कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलं, बापाचं नाव पुढे आडनाव झालं. रामजी, बाबाजी ही आज तिथे घराणी आहेत.

कोकणातून सुरुवात केली तर? गाव नमुना 14 मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी बहुतेक ठिकाणी तो माणूस जहाजावर चढल्यानंतरच्या. जुने कागद मोडी लिपीत, आणि कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे आधीच कामात बुडालेले. शिवाय जमिनीच्या कागदात जमीनवाला सापडतो. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता तो कसा सापडणार? पण कुलदैवत, भावकी, हरवलेलं आडनाव हे मोका इथल्या कागदात नाही, गावातच आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांत मागे राहिलेल्या भावाची शाखा मिळू शकते, मात्र तिथे आधी गाव आणि आडनाव सांगावं लागतं.

डीएनए चाचणी लांबचा चुलतभाऊ दाखवेल, गाव नाही.

हेतू ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा असेल (2024 मध्ये मॉरिशसच्या सातव्या पिढीलाही ते खुलं केलं) तर तिथलेच कागद पुरतात, कोकणात येण्याची गरज नाही. देवाला नारळ ठेवायचा असेल तर दोन्ही लागतील, क्रम मात्र हाच: आधी तिथलं दप्तर, मग कोकण.

नोंद हाती आली की 'रटनाघेरी' म्हणजे रत्नागिरी हे कुणालाही कळतं. त्याखालचं गावाचं नाव मालवणी माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा, म्हणजे त्या 'रटनाघेरी'त वेंगुर्लाही येतं.