दोन लेन, दोन पॉवर सप्लाय : उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत अडकून, खाचेच्या दोन बाजूंच्या धातूच्या रुळांतून वीज घेत पळणारी छोटी गाडी. घरच्या अशा ट्रॅकवर शर्यतीचा विचका होतो तो बहुतेक वेळा शेजारची गाडी उडाल्याने. दोन्ही लेन एकाच ॲडॅप्टरवर असतात. एक गाडी वळणावर खाचेतून सुटली की तिच्या मोटरचा भार एकदम जातो आणि ॲडॅप्टरचं व्होल्टेज वर चढतं. मग दुसरीच्या चालकाने हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जराही जास्त दाबलेला नसताना तीही झपकन पुढे सुटते आणि पुढच्या वळणावर बाहेर. माझा भाचा सारखा विचारायचा, "मामा, तुझी सुटली की माझी का पळायली?" पोरगं मेहनतीने वळणं शिकत होतं आणि त्याचा काही दोष नसताना हरत होतं. माझ्या दृष्टीने ॲडॅप्टर बदलायला तेवढं कारण पुरेसं होतं.

माझा ट्रॅक १:३२ मापाचा, दोन लेनचा, ॲनालॉग, म्हणजे रुळांतल्या व्होल्टेजवरच गाडीचा वेग ठरतो असा. घर अशोक चौकाच्या बाजूला, आजूबाजूला यंत्रमाग. सोलापूरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की आमच्या गल्लीत व्होल्टेज उतरतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲडॅप्टरला व्होल्टेज एका जागी धरून ठेवता येत नाही. भिंतीतून २३० ऐवजी २०० आले की रुळांवरचंही साधारण त्याच प्रमाणात कमी होतं. सकाळी जुळवलेली गाडी संध्याकाळी मरगळलेली वाटायची.

आता प्रत्येक लेनला वेगळा रेग्युलेटेड डीसी सप्लाय, म्हणजे ठरवलेलं व्होल्टेज धरून ठेवणारा, आहे, ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा. नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर दिसतो तोच प्रकार : समोर व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे, खाली दोन नॉब, एक व्होल्टेजचा आणि एक करंटचा. कंट्रोलर जुनेच ठेवले. फरक पहिल्याच शर्यतीत कळला. माझी गाडी उडाली, भाच्याची होती त्याच वेगाने वळण घेऊन गेली. त्यानंतर आजपर्यंत एकाची गाडी सुटल्यामुळे दुसऱ्याची सुटलेली नाही. कूलरच्या दिवसांतही आकडा १२.० वरून हलला नाही.

सप्लाय ३० व्होल्टपर्यंत जातो म्हणून कुणी नॉब फिरवत बसू नये. या मापाच्या गाड्यांत सर्रास येणारी मोटर १२ व्होल्टला मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेते, आणि वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. ८ व्होल्टला ती १२,००० च्या आसपास येते. लहान मुलांसाठी हेच सोन्यासारखं आहे. शेजारची छोटी मुलगी खेळायला आली की तिची लेन ८ वर आणि माझी १२ वर. दोघंही मनापासून चालवतो, कुणी कुणासाठी मुद्दाम हळू चालवत नाही. १३ च्या वर मी जात नाही. मोटर तापते, तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे आतले ब्रश लवकर झिजतात आणि कंट्रोलरमधला रेझिस्टरही भाजतो.

करंटचा नॉब मात्र सगळ्यात आधी समजून घ्यावा. व्होल्टेज अगदी कमी ठेवून आउटपुटची दोन टोकं एकमेकांना लावायची आणि करंट २ अँपिअरवर बांधून टाकायचा. रुळांतून वीज घेणाऱ्या, गाडीखालच्या तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या विस्कटून दोन्ही रुळांना एकदम टेकल्या तर शॉर्ट होतो. मर्यादा बांधलेली असली की सप्लायवरचा लाल दिवा लागतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि पट्ट्या सरळ केल्या की खेळ पुढे सुरू. ही मर्यादा न बांधता पाचच्या पाच अँपिअर रुळांत सोडणं मला अजिबात पटत नाही.

अँपिअरचा आकडा इतका उपयोगी पडेल असं विकत घेताना वाटलं नव्हतं. माझी निळी गाडी सरळ पट्ट्यावर ०.३ च्या आसपास घेते. पावसाळ्यात एकदा तोच आकडा अर्ध्या अँपिअरच्या वर जाऊ लागला. गाडी उलटी करून पाहिली तर मागच्या आसाला, चाक आणि बुश (आस ज्यात फिरतो ती कडी) यांच्या मधोमध, सुताच्या तंतूंचं घट्ट कडं बसलेलं. आमच्या भागात हवेतच सूत असतं, जमिनीवरच्या ट्रॅकवर ते उतरतं आणि आस ते गुंडाळून घेतो. चिमट्याने ओढलं तर पांढरा धागा सलग निघत राहिला. तेलाचा एक थेंब, आणि आकडा परत ०.३. आता शर्यतीआधी मी गाडीपेक्षा आधी मीटर बघतो.

जोडणीत एक गोष्ट सांभाळावी लागते. बऱ्याच सेटमध्ये टर्मिनलच्या, म्हणजे वीज जोडायच्या, ट्रॅकच्या तुकड्याखाली दोन्ही लेनचे रूळ आतून जोडलेले असतात. मल्टिमीटरने तपासून तो जोड वेगळा केल्याशिवाय दुसरा सप्लाय लावू नका, नाहीतर दोन्ही सप्लाय एकमेकांवर येतात. प्लस-मायनस उलटं झालं तर गाडी मागे पळते, ते लगेच लक्षात येतं. ट्रॅक लांब असेल तर टर्मिनलपासून लांबच्या टोकापर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकून त्याच लेनला तिथेही वीज द्या. रुळांच्या प्रत्येक सांध्यात थोडं व्होल्टेज खर्च होतं आणि नवा सप्लायही ते भरून काढत नाही. माझ्याकडे गाडी चालू असताना लांबच्या टोकाला सव्वा व्होल्ट कमी मिळत होता. वायर टाकल्यावर तो फरक जवळपास गेला.

तक्रारी आहेतच. पंख्याचा आवाज बंद खोलीत जाणवतो, आणि सुताने त्याची जाळी भरते, ती ब्रशने साफ करत राहावी लागते. व्होल्टेजचा नॉब एकच असल्याने जरा बोट लागलं तरी अर्धा व्होल्ट सरकतो. घेणाऱ्याने बारीक जुळणीचा वेगळा नॉब असलेला घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

डिजिटल सेट असेल तर यातलं काही करू नका, तिथे रुळांतूनच गाड्यांना संदेश जातात, कंपनीचाच सप्लाय ठेवा. आणि ॲनालॉग ट्रॅक छोटा असेल, बजेट कमी असेल, तर एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे १२ व्होल्टचे दोन एसएमपीएस (ठरावीक व्होल्टेजचे तयार सप्लाय) घ्या, प्रत्येकाच्या आउटपुटला २ अँपिअरचा फ्यूज लावा आणि २३० व्होल्टची टोकं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा डब्यात बसवा. मुलांसाठी वेग कमी करायची सोय त्यात मिळणार नाही, पण शेजारची गाडी उडाल्यावर आपली पळणं तिथेही थांबेल.