काचेच्या झाकणाची ‘क्यूबन’ सिगार घेण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगरात दाजींसाठी सिगारची पेटी घेतली आणि चक्क लुबाडलो गेलो. ती भेट दिल्यावर झालेल्या अपमानाचं दुःख पैशांहून जास्त आहे.

पेटीचं झाकण काचेचं होतं. “साहेब, ओरिजिनल क्यूबन, उघडायचीसुद्धा गरज नाही, वरूनच बघून घ्या,” असं दुकानदार म्हणाला. क्यूबाची अस्सल सिगार काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाही. नकली मालाची ही सगळ्यात ठळक खूण. खऱ्या पेटीवर हिरवट रंगाचं सरकारी सील असतं, बुडाला ‘एचो एन कुबा’ (म्हणजे ‘क्यूबात बनवलेलं’) असा ठसा असतो. शिवाय भारतात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या पेटीच्या दर्शनी बाजूंच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा सचित्र इशारा लागतो. या पेटीवर तो कुठेच नव्हता.

माल नकली तर होताच, वर उन्हात नासलेलाही. पेटी दर्शनी शोकेसमध्ये, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेली. सिगारची वरची बाजू फिकट पिवळसर, खालची गडद तपकिरी. “जुना माल आहे, मुरलाय, म्हणून रंग उतरलाय,” हे त्याचं उत्तर धादांत खोटं. मुरलेल्या सिगारचा रंग एकाच बाजूने उतरत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या पानाचा रंग उडतो, आणि साध्या काचेतून त्यातली बरीचशी किरणं आरपार जातात. म्हणून सिगार हातात घेऊन पूर्ण फिरवून बघा.

उन्हाबरोबर उष्णताही येते. सिगारला साधारण १८ ते २१ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक. बंद काचेखाली त्याहून तापतं. पान ठिसूळ होऊन तडकतं, सुगंधी तेलं उडून जातात. उबेत तंबाखूच्या किडीची अंडी फुटतात. दाजींनी पेटी उघडली तेव्हा बारीक गोल भोकं दिसली, तळाशी भुसा साचला होता.

“ओला कापूस ठेवा, पूर्ववत होईल,” असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. ओल परत येते, पण उडालेला सुगंध परत येत नाही. आणि एकदम ओल लागली की आतला तंबाखू फुगून वरचं पान फाटतं.

पेटी परत घ्यायला त्याने साफ नकार दिला, कारण बिलावर त्याने ‘गिफ्ट आयटम’ एवढंच लिहिलं होतं. बिलावर मालाचं नाव, देश आणि नगांची संख्या लिहून घ्याच. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.