जर्मन क्रियापदांची कार्डं: घ्या, पण लाल पेन जवळ ठेवा

जर्मनीत नर्स म्हणून जायचं तर बी-टू या पातळीपर्यंत भाषा लागते, आणि त्यात मला सगळ्यात छळलं ते पार्टिझिप त्स्वायनं, म्हणजे क्रियापदाच्या तिसऱ्या रूपानं. ते टाळताही येत नाही. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगायचं ते सगळं झालेलंच असतं: पेशंट झोपला (गेश्लाफन), जेवला नाही (गेगेसन), पाणी कमी प्यायला (गेट्रुंकन), उलटी केली (एरब्रोखन). चारही अनियमित! म्हणून ही पेटी मागवली. एका बाजूला इंग्रजी, मागे जर्मन.

मांडणी झकास आहे. ए टू झेड न लावता स्वर कसा बदलतो त्यावरून गठ्ठे केलेत. ट्रिंकन-ट्रांक-गेट्रुंकन, झिंगन-झांग-गेझुंगन, फिंडन-फांड-गेफुंडन एकत्र. शाळेतलं ड्रिंक-ड्रँक-ड्रंक पाठ असेल तर हा गठ्ठा पटकन संपतो. मात्र इंग्रजीच्या भरवशावर फार राहू नका. तिकडे साधं हेल्प्ड, इकडे गेहोल्फन. एर-, बे-, फेर- हे उपसर्ग लागलेल्यांचा गठ्ठा वेगळा, कारण त्यांना 'गे' लागतच नाही: फेरष्टेएन, फेरष्टांडन. आउफष्टेएनमध्ये तो मधेच घुसतो, आउफगेष्टांडन. हे रंगांनी छान दाखवलंय.

आता राग. तिसऱ्या रूपाआधी जोडीला 'हाट' लागतं की 'इस्ट' (इंग्रजीतल्या हॅज, इजसारखी सहाय्यक क्रियापदं), हे कार्डावर छापलेलंच नाही! इंग्रजीत सगळीकडे हॅव चालतं, म्हणून बहुधा सुचलं नसेल. आपल्या कानाला थोडा अंदाज येतो: 'त्याने खाल्लं' तिथे हाट, 'तो गेला, आला, पडला, वारला' तिथे इस्ट. पण 'तो झोपला'ला 'ने' नसूनही हाटच लागतं, तेव्हा हा अंदाज परीक्षेत नेऊ नका. मी इस्टवाल्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल 'इ' काढलाय. हे काम छापणाऱ्यांचं होतं.

उदाहरणंही सगळी सहलीला निघालेल्यांची. मेसन-गेमेसन आहे, पण मोजलीय खोलीची लांबी. ताप कोण मोजणार? मी खाली स्वतःचं वाक्य लिहिलं.

किंमत नऊशेच्या आसपास. एवढ्यात कार्डांवर प्लास्टिकचा थर तरी द्यायचा होता. सॅनिटायझरच्या ओल्या हातानं धरलं की शाई पसरते.