प्रोटीन जुळवायला फुकटातलं भारी टूल

आरसीएसबी पीडीबी (प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा ऑनलाइन साठा) च्या साइटवरचं पेअरवाइज अलाइनमेंट, म्हणजे दोन रचना एकमेकींवर बसवून बघायचं टूल, वापरलं, लई भारी, काही इन्स्टॉल करायची कटकट नाही, सोलापुरात भर दुपारी लाइट गेली तरी हॉटस्पॉटवर चालतंय की ओ. मायोग्लोबिन (साठ्यातला कोड १एमबीएन) आणि हिमोग्लोबिनची (कोड ४एचएचबी) बी चेन, म्हणजे त्यातली एक साखळी, टाकली, अमिनो आम्लं जेमतेम पाव हिस्सा जुळतात पण हेलिक्स (साखळीचे स्प्रिंगसारखे वळलेले भाग) बघा कसे एकावर एक बसलेत, चादरीच्या घड्या ठेवल्यासारखे! फक्त नुसता आरएमएसडी (जुळवलेल्या अणूंमधलं सरासरी अंतर) बघून निकाल लावू नका राव, एखादा लूप (हेलिक्सना जोडणारा सैल भाग) लांब गेला तरी आकडा फुगतो. टीएम-स्कोअर (एकूण रचना किती सारखी ते सांगणारा आकडा) बघा, ०.५ च्या वर असला तर फोल्ड, म्हणजे प्रोटीनची एकूण घडण, बहुतेक एकच. मोबाइलवर मॉडेल फिरवणं अवघडच, लॅपटॉप घ्या. एमएस्सीवाल्यांनी डोळे झाकून वापरा.