डिपस्टिकवाली गाडी की स्क्रीनवर ऑइल दाखवणारी? दोन्ही चालवून झाल्यावर सांगतो

आपल्याकडची दोन-तीन पोरं सध्या सेकंडहँड टर्बो (म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेल्या) पेट्रोल गाड्या पाहून राहिली आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडलं आहे. एक गाडी अशी की बोनेट उघडलं तं डिपस्टिकच (ऑइल मोजायची पट्टी) नाही, ऑइल किती आहे ते आत बसून स्क्रीनवर पाहायचं. दुसरी थोडी जुन्या वळणाची, डिपस्टिक आहे आणि ऑइल कमी झालं तर पिवळा दिवाही लागतो. पॉवर, गिअरबॉक्स, सनरूफ हे सगळं तुम्ही माझ्याहून जास्त वाचून आले असाल, त्यात मी पडत नाही. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावातून मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या, पहिली दोन वर्षं आणि दुसरीचं आता तिसरं वर्ष सुरू आहे, म्हणून फक्त ऑइलचं सांगतो. माझ्या गाड्यांच्या कंपन्यांची नावं घेत नाही, एका गाडीवरून अख्ख्या कंपनीला बोलणं बरोबर नाही.

आधी एवढं मनाशी पक्कं करा की जोरदार इंजिन ऑइल खातंच, आणि थोडं खाल्लं म्हणजे इंजिन गेलं असं नसते. टर्बोच्या शाफ्टला, म्हणजे त्या पंख्याच्या दांड्याला, ऑइल लागते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर पातळ थर सोडतात तो जळतो, आणि ऑइल खूप तापलं की त्याची वाफ ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, जाते. काही युरोपियन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असते. माझी पहिली गाडी साधारण अडीच हजाराला एक लिटर मागायची. समृद्धीवर १२० ला क्रूझ लावून गेलो तं कमी, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट केला की जास्त. घाट उतरताना आपण ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी धरतो तेव्हा इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि व्हॉल्व्ह सीलजवळून, रिंगांजवळून ऑइल वर ओढलं जाते, मग खाली आल्यावर पाय दाबला की मागं निळसर धूर दिसतो. एकदा मागच्या गाडीतल्या मित्रानंच फोन करून सांगितलं होतं. सतत दिसला तर काळजी करा, घाटानंतर एकदा दिसला तर चेंबरमधलं (इंजिनखालच्या भांड्यातलं) ऑइल पाहा आणि पुढं चला.

म्हणजे दोन्ही गाड्या ऑइल खाणार. फरक एवढाच की किती खाल्लं हे तुम्हाला कधी कळते.

स्क्रीनवाल्या गाडीत चेंबरच्या तळाशी सेन्सर असतो. काही सेन्सर आवाजाची लहर वर सोडतात आणि ऑइलच्या पृष्ठभागावरून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतात, विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल आहे याचा अंदाज घेतो ना, तसंच. काही सेन्सरमध्ये तार गरम करतात आणि ऑइलमध्ये ती किती वेळात थंड होते यावरून पातळी काढतात. डोकं चांगलं लावलं आहे, यात शंका नाही. २००५ नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांत डिपस्टिक नाही, ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत नाही, आताच्या पोर्शे ९११ मध्ये नाही. काही मर्सिडीजमध्ये तं नळी असते पण तिला नुसतं टोपण असते, पट्टी वर्कशॉपवाल्याजवळ.

आणि या पद्धतीचे फायदे खरे आहेत. माझी बायको ती गाडी चालवायची, ती बोनेट उघडायच्या भानगडीत पडत नाही, तिला स्क्रीननं सांगितलं की भरा, तिनं मला सांगितलं, काम झालं. डिपस्टिक कितीही चांगली असली तरी बोनेटखाली पडून राहते, चालत्या गाडीत तुम्हाला आवाज देत नाही. नागपूर-पुण्यात राहणारा माणूस असेल, बिल्डिंगच्या खाली सपाट पार्किंग असेल, सर्व्हिस सेंटर दहा मिनिटांवर असेल, तर त्यानं स्क्रीनवाली बिनधास्त घ्यावी, मी अडवणार नाही.

पण आता ज्या गोष्टीनं माझं मन फिरलं ती सांगतो. स्क्रीनवर मोजमाप घ्यायला तीन गोष्टी लागायच्या : इंजिन पूर्ण गरम पाहिजे, गाडी सपाट जागी उभी पाहिजे, आणि इंजिन चालू ठेवून मिनिटभर काही न करता थांबलं पाहिजे. (काही कंपन्यांत इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबावं लागते, पण गरम आणि सपाट हे आहेच.) आमच्या घरापुढचं अंगण नालीकडं उतरतं. गल्ली त्याहून उतरती. शेतात काळी माती, तिथं सपाट काही नसतेच. दर वेळी स्क्रीन म्हणे, सपाट जागी उभी करा. शेवटी गावात एकच जागा अशी सापडली की जिथं माप व्हायचं, ती म्हणजे जिनिंगचा वजनकाटा. म्हणजे ऑइल पाहायचं असेल तर आधी दहा-बारा किलोमीटर फिरवून इंजिन गरम करा, मग काट्यावर नेऊन उभी करा. उन्हाळ्यात ठीक होतं, पण दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की तिथं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाइन लागते, सकाळपासून थांबलेल्या शेतकऱ्याला मी काय म्हणू, भाऊ जरा मागं घे मला गाडीचं ऑइल मोजायचं आहे? ते मला कधी जमलं नाही, आणि जमायलाही नको.

त्याहून वाईट म्हणजे सकाळी निघायच्या आधी ही गाडी काहीच सांगत नव्हती. ऑइल थंड, म्हणून माप नाही. लांबच्या प्रवासाला माणूस निघायच्या आधी पाहतो ना, वाटेत पोहोचल्यावर पाहून काय उपयोग.

२०२३ च्या मे महिन्यात मावसभावाच्या लग्नाला छत्रपती संभाजीनगरला निघालो, सोबत आई. पहाटे पाचला स्क्रीन पाहिली, मोजमाप उपलब्ध नाही. ठीक आहे म्हटलं, परवाच सगळं ठीक दाखवत होती. समृद्धीवर कारंजा मागं पडलं आणि पिवळा दिवा, एक लिटर ऑइल भरा. समृद्धीवर कडेला थांबणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तेव्हा त्या रस्त्यावर सोयीही फार नव्हत्या, म्हणून हळूहळू मेहकरला उतरलो. डिक्कीत उरलेलं अर्धा लिटर होतं ते नरसाळं लावून ओतलं. स्क्रीन जुनंच दाखवे. पंपाची जागा रस्त्याकडं उतरती, माप घ्यायला गेलो तं रद्द. पंपावर फक्त ट्रक-ट्रॅक्टरचं जाड १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल, मग गावात जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानातून ५डब्ल्यू-४० चा एक लिटरचा डबा आणला, अर्धा ओतला, स्क्रीन तरी तेच. आई गाडीच्या सावलीत पदरानं वारा घेत बसलेली, ऊन चढत होतं, आणि मला काहीच कळत नव्हतं की आत किती आहे. एक लिटर मागितलं, एक लिटर गेलं, तरी आकडा हलत नाही, म्हणजे आधीच जास्त कमी झालं असेल असं समजून उरलेला अर्धाही ओतला.

जालन्याच्या अलीकडं स्क्रीननं नवीन माप दाखवलं, ऑइल कमालपेक्षा वर. गाडी चालताना ऑइल हलत असते, वर इंजिनच्या डोक्यातही (हेडमध्ये) गेलेलं असते, म्हणून कॉम्प्युटर बऱ्याच अंतराची सरासरी काढूनच आकडा बदलतो, हे मला नंतर कळलं. जास्त ऑइलही वाईटच, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) त्यात आपटून फेस होते, फेस पंपानं ओढला की दाब पडते, आणि ब्रीदरमधून ऑइल इनटेकला जाते. उरलेला सगळा रस्ता दोन हजार आरपीएमच्या आत काढला. दुसऱ्या दिवशी, लग्नाच्याच दिवशी, संभाजीनगरात मिस्त्री शोधून अर्धा लिटर खालून काढून घेतलं. इंजिनला काही झालं नाही. पण त्या मेहकरच्या पंपावर मला एकच गोष्ट पाहिजे होती, दोन फुटाची एक पट्टी.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गाडी दिली आणि दुसरी घेतली.

दुसरीचं काय सांगू, सांगण्यासारखं फार काही घडतच नाही. आमच्या बाबांची ट्रॅक्टरची सवय आहे, सकाळी चावी लावायच्या आधी पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, पुन्हा काढून पाहायची. तीच सवय मी कारला लावली. रात्रभर उभी गाडी, सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं, तीस सेकंदांचं काम. कंपनी म्हणते गरम करून, बंद करून पाच मिनिटांनी पाहा, ते जास्त अचूक असेलही, पण मला रोजचा फरक कळला म्हणजे पुरे. आता तुम्ही म्हणाल उतारावर डिपस्टिकही चुकीचं दाखवते. दाखवतेच. पण रोज त्याच अंगणात, त्याच जागी, त्याच तोंडानं उभी असेल तर रोज तेवढंच चुकते. कालच्या खुणेपेक्षा खाली आलं की नाही एवढंच मला पाहायचं असते. आणि ती मोजायला नाही म्हणत नाही, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक. ओतलं की पाच मिनिटांत दिसते कुठवर आलं. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असते, म्हणून मधात असेल तर अर्धा लिटर लागेल हे डोळ्यानंच कळते.

अजून एक, स्क्रीन ऑइल किती आहे ते सांगते, कसं आहे ते नाही. गावातून धामणगावला सहा-सात किलोमीटर जाऊन येणं हीच आमची रोजची चाल, थंडीत इंजिन पूर्ण तापतही नाही, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत अशा वेळी थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. पातळी भरलेलीच राहते, कधी वरही जाते, स्क्रीन म्हणते सगळं छान. पट्टी नाकाजवळ नेली की पेट्रोलचा वास येतो, बोटांत चोळलं की पातळ लागते. मागच्या जानेवारीत मला तसा वास आला तेव्हा सर्व्हिसची वाट न पाहता दोन हजार किलोमीटर आधीच ऑइल बदललं. दुधाळ दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळलं असू शकते, म्हणून गाडी जागची हलवायचीच नाही. पुसायला मात्र कापसाचा बोळा घेऊ नका, आपल्या भागात हाताशी तोच असते म्हणून सांगतो, तंतू पट्टीला चिकटून आत जातात. जुनं धुतलेलं धोतर किंवा बनियन सगळ्यात चांगलं.

डिपस्टिकच्या खोड्याही आहेत, लपवत नाही. नवं सोनेरी ऑइल पट्टीवर नीट दिसत नाही, उजेडात तिरकी धरावी लागते. गाडी नुकतीच बंद केली असेल तर नळीतलं ऑइल पट्टीला लागून खोटं वर दाखवते. आणि जो माणूस महिनोन्‌महिने बोनेट उघडतच नाही त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी, त्याला स्क्रीनच बरी. म्हणून मी म्हणतो, डिपस्टिक आणि कमी झालं की लागणारा दिवा, दोन्ही असलेली गाडी मिळत असेल तर तीच पाहा, पन्नास हजार जास्त लागले तरी.

तरीही स्क्रीनवाली आवडली असेल, आणि गाडी मन भरण्यासारखी असेल तर माणूस घेतोच, मला समजते, तर एवढं करा. पाहायला जाल तेव्हा मालकाला सांगा इंजिन गरम करा आणि माझ्यासमोर माप काढून दाखवा, जुनी टॉपअपची बिलं मागा, किती किलोमीटरला किती गेलं ते स्वतः काढा. घेतल्यावर त्याच ग्रेडचा, त्याच कंपनी-अप्रूव्हलचा एक लिटर सीलबंद डबा डिक्कीत कायम ठेवा, मेहकर असो की मालेगाव, गावात तो मिळेलच असं नाही. दिवा लागला तर आधी अर्धाच लिटर ओता, पन्नास-साठ किलोमीटर चालवा, मगच स्क्रीनवर विश्वास ठेवून पुढचं ठरवा. आणि पिवळा दिवा पातळीचा, लाल दिवा दाबाचा, लाल लागला तर एक किलोमीटरही नाही, तिथंच जागा पाहून बंद.

आज सकाळी माझी पाहिली. शेवटचं भरलं त्याला २१०० किलोमीटर झाले, खूण अर्ध्याच्या थोडी वर आहे. रविवारी शेगावला जायचं आहे, उद्या पाव लिटर ओतीन.