सूचनापेटी, सुपरवायझर की आयडिया स्पर्धा? कर्मचाऱ्यांकडून कल्पना मागवण्याआधी

‘तुमच्या सूचनांचं स्वागत आहे’ हे वाक्य प्रत्येक कंपनीत ऐकू येतं. तरी माणसं गप्प बसतात, कारण मागच्या वेळी सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं ते कुणी कळवलेलंच नसतं. म्हणून पद्धत ठरवण्याआधी एवढंच बघा: आलेल्या सूचनेला उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत?

सूचनापेटी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी. जपानमध्ये शोगुन (लष्करी राज्यकर्ता) योशिमुनेने १७२१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अशी पेटी ठेवली होती. नाव-पत्ता नसलेली चिठ्ठी बाद व्हायची, आणि पेटी तो स्वतः उघडायचा. एका वैद्याच्या चिठ्ठीवरून पुढच्याच वर्षी गरिबांसाठी दवाखाना उभा राहिला. आजच्या बहुतेक पेट्यांची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. वरिष्ठांविषयीची तक्रार किंवा सुरक्षेतली ढिलाई निनावी सांगता यावी, एवढ्यासाठी पेटी जरूर ठेवा. सुधारणांसाठी तिच्यावर विसंबू नका, कारण निनावी माणसाला ‘म्हणजे नेमकं काय?’ असं उलट विचारता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे छोट्या सुधारणा जागच्या जागी. टोयोटाचे इजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचे कारखाने पाहून आले. तिथली सूचना योजना बघून टोयोटाने १९५१ मध्ये स्वतःची सुरू केली. अशा पद्धतीत बक्षीस किरकोळ असलं तरी चालतं, पण लाइनवरच्या सुपरवायझरला होकार देण्याचा अधिकार हवा. समजा, पॅकिंगवरची बाई म्हणाली, ‘टेपचा स्टँड डावीकडे घ्या, दर खोक्याला वळावं लागतं.’ सुपरवायझरने तो त्याच शिफ्टमध्ये हलवून बघावा. जमलं नाही तर परत ठेवावा आणि का ते तिला सांगावं. हीच सूचना फॉर्मवर लिहायला लावलीत, तर ‘अपेक्षित वार्षिक बचत’ या रकान्यापाशी ती पेन खाली ठेवेल. असे फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा तरी ते स्वतः भरून बघावेत!

यातली अडचण म्हणजे सुपरवायझरच. काहींना प्रत्येक सूचना आपल्यावरची टीका वाटते. सूचना नाकारल्यास दोन ओळींत कारण देणं बंधनकारक करा आणि पटलं नाही तर वरच्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवा. नाहीतर ही पद्धत एका माणसाच्या मर्जीवर अडकते.

बक्षिसाचं काय? १८९८ साली कोडॅकमध्ये ‘खिडक्या धुवा, उजेड वाढेल’ असं सुचवणाऱ्या कामगाराला २ डॉलर मिळाले. छोटं आणि लगेच दिलेलं बक्षीस बरं. बचतीच्या टक्केवारीवर मोठी रक्कम ठेवलीत, की कल्पना मुळात कुणाची यावरून भांडणं लागतात आणि लोक शेजारच्याशी बोलायचंही टाळतात.

आयडिया स्पर्धा दिसायला झकास. आयबीएमने २००६ मध्ये ऑनलाइन ‘इनोव्हेशन जॅम’ घेतला, त्यात दीड लाख लोक आले आणि ४६ हजारांहून जास्त कल्पना जमल्या. निवडक कल्पनांसाठी कंपनीने १० कोटी डॉलर बाजूला काढले. पण एवढा ढीग चाळायला अनुभवी माणसं अडकून पडतात. शिवाय ज्यांना सफाईने लिहिता येतं तेच अशा स्पर्धेत चमकतात. नवी उत्पादनं शोधायची असतील तर घ्या. गोदाम आणि काउंटरवरच्या माणसांना बोलतं करायचं असेल तर पैसे वाचवा.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीसारखा, स्वतःच्या कल्पनांवर काम करायला कामाच्या वेळेतला १५ टक्के मोकळा वेळ संशोधकांना शोभतो. शिफ्टमध्ये उभ्या असणाऱ्याला तो कुठून देणार?

मी निवडणारा असतो तर सुपरवायझरपासून सुरुवात केली असती, तीही एकाच विभागात. जोडीला तक्रारींसाठी पेटी आणि भिंतीवर एक फळा: सूचना, देणाऱ्याचं नाव, ती कुणाकडे आहे, उत्तर काय. पंधरा दिवसांनंतरही शेवटचा रकाना रिकामा राहत असेल, तर नव्या सूचना मागवणं थांबवा आणि आधी तो भरा.