कंपनी विकली गेली की आपली डिझाइन्स कशी अडकतात: ईगलचं उदाहरण आणि फाइली बाहेर काढण्याची रीत

पैसे मोजून घेतलेलं डिझाइन सॉफ्टवेअर एक दिवस आपल्याच जुन्या फाइली उघडायला नकार देतं, तेव्हा भांडायलाही फारशी जागा नसते. सगळं करारात आधीच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात सरळ सांगितलं की, ऑटोडेस्कच्या ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरची प्रत घेणारा त्या प्रतीचा मालक नसून केवळ परवानाधारक असतो. तेव्हा कायद्यावर फार भरवसा ठेवू नका. आधी ईगलचं काय झालं ते पाहा.

ईगल हे सर्किट आणि पीसीबी, म्हणजे सुटे भाग बसवायचं छापील सर्किट बोर्ड, काढण्याचं सॉफ्टवेअर. जर्मनीच्या कॅडसॉफ्टने ते १९८८ पासून विकलं. एकदा पैसे भरा, हवी तितकी वर्षं वापरा, नवी आवृत्ती हवी असेल तरच पुन्हा पैसे द्या, असा साधा मामला होता. २००९ मध्ये सुटे भाग विकणाऱ्या प्रीमियर फार्नेलने कॅडसॉफ्ट घेतली. २०१६ च्या मध्यावर ईगल ऑटोडेस्ककडे गेलं आणि जानेवारी २०१७ पासून ते फक्त भाड्याने मिळू लागलं. स्टँडर्डला वर्षाला १०० डॉलर, प्रीमियमला ५००. स्टँडर्डमध्ये तांब्याचे चार थर आणि १६० चौरस सेंटिमीटरचं बोर्ड एवढीच मर्यादा. शिवाय परवाना तपासायला सुरुवातीला दर १४ दिवसांनी इंटरनेट लागायचं. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. पुढे ईगल ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या यांत्रिक डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीत गुंडाळलं गेलं आणि जून २०२३ मध्ये जाहीर झालं की ७ जून २०२६ ला त्याची विक्री आणि सपोर्ट दोन्ही बंद.

या सगळ्यात कुणी खोटं बोललं असं दाखवता येणार नाही. गोची तिथेच आहे. प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर पटण्यासारखं वाटतं, आणि शेवटच्या पावलापर्यंत तुमची दहा वर्षांची बोर्डं त्यांच्या दारात गहाण पडलेली असतात.

ही चाल नवी नाही. अडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया घेतली. चित्रं काढण्याचं इलस्ट्रेटर घरचंच असल्यामुळे मॅक्रोमीडियाच्या फ्रीहँडचा विकास २००७ मध्ये थांबला. ऑटोडेस्कने २००८ मध्ये सॉफ्टइमेज घेतलं. त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या त्याच कामाचे माया आणि थ्रीडीएस मॅक्स आधीच हाताशी होते, म्हणून २०१४ मध्ये सॉफ्टइमेज बंद करत असल्याचं सांगितलं. म्हणून विक्रीची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारावा: घेणाऱ्याकडे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे का? असेल तर दोघांपैकी एक जाणार. साधारणपणे जातं ते बाहेरून आलेलं, कारण त्याचे ग्राहक घरच्या सॉफ्टवेअरकडे वळवता येतात.

दुसरी खूण म्हणजे एक्स्पोर्टला हात लागणं. सप्टेंबर २०२० मध्ये फ्यूजनच्या (तेव्हाचं नाव फ्यूजन ३६०) फुकट वैयक्तिक परवान्यावर मर्यादा जाहीर झाल्या. एका वेळी संपादन करता येतील अशा फाइली दहाच, आणि स्टेप, म्हणजे त्रिमितीय आकार दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची सामाईक फाइल, तिचा एक्स्पोर्टही जाणार होता. ओरड झाल्यावर स्टेप परत दिला, पण बाहेर जायचा दरवाजा कुणाच्या हातात आहे ते त्या निमित्ताने सगळ्यांना कळलं. ड्राफ्टसाइट या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचं तर आणखी सरळ होतं. फुकट आवृत्ती ३१ डिसेंबर २०१९ नंतर चालणारच नाही, अशीच सोय होती.

आता ईगलच्या फाइली बाहेर काढण्याबद्दल. सहाव्या आवृत्तीपासून .एससीएच (सर्किट) आणि .बीआरडी (बोर्ड) या फाइली एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात असतात. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये त्या वाचता येतात, आणि वापरलेल्या भागांची लायब्ररीही त्यांच्या पोटात असते. एवढं एक नशीब. त्याआधीच्या फाइली मात्र बायनरी आहेत. त्या सहाव्या किंवा नंतरच्या ईगलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केल्याशिवाय कायकॅड या फुकट, मुक्त पीसीबी सॉफ्टवेअरच्या ईगल आयातीवर विसंबू नका. हे काम सर्वांत आधी, ईगल चालू असतानाच उरका, कारण या पायरीला ईगल लागतंच. उघडताना सर्किट आणि बोर्ड दोन्ही एकत्र उघडा. एकच उघडून बदल केलात तर दोघांचा मेळ तुटतो आणि तो पुन्हा जुळवणं वेळखाऊ आहे.

कायकॅडमध्ये फाइल मेनूतून ईगल प्रोजेक्ट आयात करता येतो. ही सोय २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून आहे. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये आणि एकाच नावाच्या हव्यात. ईगलच्या थरांना कायकॅडच्या थरांची जोडी लावायची खिडकी आली की नुसतं ओके दाबून पुढे जाऊ नका. बोर्डाची कड २० क्रमांकाच्या डायमेन्शन थरावर असते, ती कायकॅडच्या एज कट्स थरावर गेली पाहिजे. खाचा आणि लांबट भोकं पुष्कळदा ४६ क्रमांकाच्या मिलिंग थरावर काढलेली असतात. ती भलत्याच थरावर गेली तर बोर्ड बिनखाचांचं बनून येईल आणि कारखान्याला दोष देता येणार नाही.

खरी गडबड तांब्याच्या भरावात, म्हणजे ट्रॅकमधल्या मोकळ्या जागेत पसरलेल्या तांब्यात, होते. ईगल फाइलीत या भरावाच्या पॉलिगॉनची फक्त बाह्यरेषा साठवतं, भराव प्रत्येक वेळी रॅट्सनेस्ट ही आज्ञा चालवल्यावर नव्याने काढला जातो. त्यामुळे कायकॅडमध्ये बी दाबून झोन भरलात की भराव कायकॅडच्या नियमांनी होतो. क्लिअरन्स (दोन तांब्यांमधलं अंतर), थर्मलच्या, म्हणजे पॅडला भरावाशी जोडणाऱ्या, दांड्यांची रुंदी, सुट्या पडलेल्या तांब्याच्या बेटांचं काय करायचं, यात फरक पडू शकतो. जास्त करंट वाहणाऱ्या ग्राउंड पॅडवर थर्मलच्या दांड्या बारीक झाल्या तर पडद्यावर ते खटकतही नाही, बोर्ड तापल्यावर कळतं. अशा पॅडना थर्मल न देता थेट जोड ठेवा. डिझाइन रूल्सही डोळे झाकून घेऊ नका, कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे हाताने भरा.

सर्किटमध्ये तपासायची जागा म्हणजे नेट, अर्थात एकमेकांना जोडलेल्या टोकांचा गट. ईगलमध्ये एकाच नावाचे नेट वेगवेगळ्या पानांवर लेबल न लावताही जोडलेले असतात. कायकॅड जोडणी लेबलवरून ओळखतं आणि आयात करताना ती लेबलं स्वतःच लावतं. एखादी सुटली तर सर्किट दिसायला बरोबर, पण नेट दोन झालेले. म्हणून ईआरसी (सर्किटच्या जोडण्यांची तपासणी) चालवा, आणि दोन्हीकडची नेटलिस्ट, म्हणजे नेटची यादी, काढून ओळीनुसार ताडून पाहा.

शेवटची परीक्षा गर्बरची, म्हणजे कारखान्याला द्यायच्या थरांच्या फाइलींची. जुन्या ईगलमधून आणि आयात केलेल्या बोर्डातून, दोन्हीकडून गर्बर आणि भोकांच्या एक्सेलॉन ड्रिल फाइली काढा आणि कायकॅडसोबतच्या गर्बव्ह्यूमध्ये एकावर एक ठेवून फरक तेवढा दाखवणाऱ्या डिफरन्शियल मोडमध्ये पाहा. ट्रॅक आणि पॅड पुसले गेले पाहिजेत. फक्त भरावाच्या कडेला पातळ फरक राहिला तर ठीक. भोकांची संख्या आणि व्यास मात्र तंतोतंत जुळलेच पाहिजेत. जे बोर्ड आज उत्पादनात आहे त्याचे जुने गर्बर जपून ठेवा. आयात केलेल्या फाइलीतून थेट उत्पादन काढायची घाई नको.

यांत्रिक डिझाइनवाल्यांचं दुखणं वेगळं. स्टेपमध्ये आकार जातो, तो कसा घडवला याचा इतिहास जात नाही. स्केच, मापांचे संबंध, असेंब्लीतले जोड, सगळं तिथेच राहतं. कॉस्मेटिक म्हणून दाखवलेले आटे तर आकारातही उतरत नाहीत. भोक साधं दिसतं आणि एम६ चा उल्लेख गायब. म्हणून प्रत्येक भागाच्या स्टेपसोबत मापांसकट पीडीएफ ड्रॉइंग काढा, पत्र्याच्या भागाचा उलगडलेला आकार डीएक्सएफ या सपाट ड्रॉइंगच्या फाइलीत वेगळा काढा, आणि भागाची जितकी कॉन्फिगरेशन्स असतील तितक्या स्टेप फाइली काढा. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून घनफळ आणि गुरुत्वमध्य मूळ आकड्यांशी ताडा. घनफळ शून्य आलं तर तो ठोकळा नाही, नुसते पृष्ठभाग आहेत, असं समजा.

जुना कायमचा परवाना हाती आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी अ‍ॅक्टिव्हेशन कुठून होतं ते बघावं. नवा संगणक घेतला की पुन्हा त्यांच्याच सर्व्हरकडे जावं लागतं, आणि तो बंद करायचा अधिकार त्यांच्याकडे. चालू स्थितीतल्या संगणकाची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या संगणकात चालणारी नक्कल, करून ठेवता येते, करार परवानगी देत असेल तर. परवाना मॅक अ‍ॅड्रेसला (संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधलेला असेल तर त्या मशीनमध्ये तो अ‍ॅड्रेस स्थिर ठेवा, नाहीतर दुसरीकडे हलवल्यावर परवाना नाकारला जाईल. इन्स्टॉलर आणि परवान्याची फाइल वेगळ्या डिस्कवर हवीच.

नवीन काही घेताना चाचणीच्या मुदतीतच एक खरं, गुंतागुंतीचं काम आत घाला आणि बाहेर काढून दाखवा, विक्रेत्याच्या नमुना फाइलीवर नको. इंटरनेट तोडून प्रोग्रॅम किती दिवस चालतो तेही त्याच मुदतीत पाहा. करारात तीन जागा शोधा: कंपनी विकली गेली तर करार कुणाकडे जातो, नूतनीकरणाच्या वेळी दर किती वाढवता येतो, आणि वर्गणी संपल्यावर फाइली वाचायला आणि एक्स्पोर्ट करायला किती दिवस मिळतात. मोठी खरेदी असेल तर तिसऱ्या मुद्द्यावर किमान ९० दिवस लेखी मागा. सेल्सवाला फोनवर ‘होईल हो’ म्हणाला तर तेच ईमेलवर पाठवायला सांगा. आणि ‘वार्षिक, पण हप्ता महिन्याला’ अशी योजना दिसली तर रद्द करण्याचा दंड आधी वाचा. अडोबीच्या अशाच योजनेत मध्येच बाहेर पडल्यास उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागत, आणि हा दंड नीट उघड केला नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून जून २०२४ मध्ये अडोबीवर खटला दाखल झाला.